तीन घरांची साक्ष

हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे, आणि थोडं माझंही. मी नागपुरात फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे. तिची परवानगी घेऊन लिहितोय. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. सिम्युलेटरच्या खोलीत त्या संध्याकाळी काय झालं ते मात्र जसंच्या तसं सांगणार आहे, कारण त्यात तिच्याइतकीच चूक माझ्या शिकवण्याची होती.

विद्यार्थिनी

वय बावीस. भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी. घर सदर भागात. वडील रेल्वेत लोको पायलट, आई नर्स, आणि घरात आजी. कुटुंब प्रोटेस्टंट ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासून मराठीतूनच उपासना करणारं. आजी अनेक वर्षं संडे स्कूल चालवायची आणि नात तिची पहिली विद्यार्थिनी. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून आणि वर कर्ज घेऊन तिचं प्रशिक्षण सुरू केलं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरची गोष्ट अशीच असते.

ती माझ्याकडे आली तेव्हा साधं उड्डाण उत्तम करत होती. एकटीने क्रॉस कंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण, करून आलेली, हात हलका, रेडिओवर आवाज स्वच्छ. आता तिला इन्स्ट्रुमेंट रेटिंग हवं होतं. म्हणजे बाहेरचं काही न दिसता, फक्त समोरच्या यंत्रांवर विमान उडवण्याची पात्रता. आपल्या नियमांनुसार त्यासाठी पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी सांभाळणारा वैमानिक, म्हणून ५० तासांचं क्रॉस कंट्री उड्डाण लागतं, आणि ४० तासांचा इन्स्ट्रुमेंट टाइम. त्यातले जास्तीत जास्त २० तास सिम्युलेटरवर चालतात, बाकीचे हवेत, डोक्यावर हूड लावून. हूड म्हणजे टोपीसारखी झडप. ती घातली की खिडकीबाहेरचं काही दिसत नाही, फक्त डायल दिसतात.

रविवारचा एक छोटा प्रश्न होता. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी जेमतेम हजार फूट उंचीवर असूनही हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ती पावणेपाच हजार फुटांवर असते. त्यात दहानंतर जमीन तापून हवेचे धक्के सुरू होतात. म्हणून आमच्या सगळ्या चांगल्या सॉर्टी, म्हणजे सरावाची उड्डाणं, पहाटेच्या, आणि तिची उपासना रविवारी सकाळीच. पहिला स्लॉट तिला द्यायचं ठरलं. साडेसातला ती उतरायची आणि थेट चर्चला जायची. तो विषय तिथेच संपला.

शरीर आणि पेत्र

हूडखालचे पहिले पाच-सहा तास तिला फार जड गेले. यात नवल काही नव्हतं. आपल्या कानात आतल्या बाजूला अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यात द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं, आपण वळतोय. पण विमान एकाच वेगाने वळत राहिलं तर पंधरा-वीस सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरायला लागतो आणि वळण जाणवेनासं होतं. मग विमान सरळ केलं की शरीर ओरडून सांगतं, आता तू उलट्या बाजूला कलंडलास. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर मेंदू हा गोंधळ सहज निस्तरतो. ढगात क्षितिज नसतं. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. यंत्रांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस वैमानिकांना ढगात शिरल्यासारख्या परिस्थितीत ठेवलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ, १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

बाहेर बघून उडताना अंबाझरीचं पाणी, कोराडीच्या चिमण्या, वर्धा रोडची सरळ रेघ हे सगळं वैमानिकाला धरून ठेवत असतं. हूड घातल्याबरोबर ते सगळं जातं. ती डावीकडे झुकून बसायची, मान आखडायची. उतरल्यावर म्हणायची, "सर, मला तर सरळच वाटून राहिलं होतं."

आणि मी प्रत्येक इन्स्ट्रक्टर सांगतो तेच सांगायचो: "शरीर खोटं बोलतं, यंत्र खरं बोलतं. होरायझनवर विश्वास ठेव. बाकी काही ऐकू नको."

होरायझन म्हणजे समोरच्या सहा डायलमधला वरच्या ओळीतला मधला, कृत्रिम क्षितिज दाखवणारा. वर निळं, खाली तपकिरी, मध्ये विमानाची छोटी आकृती. नाक वर आहे की खाली, पंख कुठे कललाय, हे एका नजरेत तोच सांगतो. म्हणून शिकवताना सगळा भर त्याच्यावर.

एका शनिवारी तिने मला सांगितलं, की तिला आता जमतंय, आणि का जमतंय तेही सांगितलं. आजीने तिला पेत्राची आठवण करून दिली होती. येशूचा हा शिष्य नावेतून उतरून पाण्यावरून येशूकडे चालत निघतो. नजर येशूवर असते तोवर चालतो. वाऱ्याकडे लक्ष गेलं की भितो आणि बुडायला लागतो. आजी म्हणाली, बाळा, तुझा वारा म्हणजे तुझं पोट नि तुझी मान. नजर हलवू नको.

मी ख्रिस्ती नाही. माझ्या घरी टेकडीच्या गणपतीला नारळ फोडून नव्या गाडीची चावी फिरवतात. पण ही गोष्ट मला फार आवडली, कारण तिचा परिणाम समोर दिसत होता. पुढच्या सॉर्टीत तिने उंची पन्नास फुटांच्या आत धरली. सेकंदाला तीन अंशांची वळणं, म्हणजे दोन मिनिटांत पूर्ण वर्तुळ, घड्याळ लावून बरोबर. युवक सभेत तिने यावर साक्षही दिली, न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवून आकाशात कसं चालता येतं याची. पाळकांनी ती पुढे प्रवचनात सांगितली म्हणे. मलाही अभिमान वाटला. तिचं वाक्य जिथून आलं होतं, ते माझंच तर वाक्य होतं.

सिम्युलेटरमधली अडीच मिनिटं

जुलैची संध्याकाळ. बाहेर पाऊस, म्हणून सिम्युलेटर. तिला मी नागपूरहून गोंदियाकडे, ढगात, साडेचार हजार फुटांवर नेलं. सगळं स्थिर झाल्यावर माझ्या कन्सोलवरून, न सांगता, व्हॅक्यूम पंप बंद केला.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. जुन्या पद्धतीच्या सेसना १७२ मध्ये होरायझनच्या आत एक भोवरा फिरत असतो. इंजिनाला जोडलेला पंप हवा ओढतो आणि त्या हवेवर भोवरा गरगरतो. पंप गेला तरी भोवरा लगेच थांबत नाही. हळूहळू मंदावतो, आणि मंदावता मंदावता कलतो. डायल काळा होत नाही, सगळ्या विमानांत लाल दिवाही नसतो. तो आपला चांगला निळा-तपकिरी दिसत राहतो, आणि सावकाश, अगदी पटेल अशा पद्धतीने खोटं सांगायला लागतो.

साधारण मिनिटभराने होरायझन उजवीकडे कलू लागला. विमान सरळच होतं. तिने शांतपणे डावीकडे दाब दिला, होरायझन 'सरळ' केला. तो पुन्हा कलला. तिने पुन्हा दाबलं. आता विमान खरोखर डावीकडे झुकलं होतं. विमान कुठे वळतंय ते दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरमधलं छोटं विमान डाव्या खुणेच्या पलीकडे गेलं. वेग १०५ नॉटवरून १३० वर. उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरचा काटा उलटा फिरायला लागला. उंची जातेय म्हटल्यावर तिने नाक वर ओढलं. झुकलेल्या विमानाचं नाक ओढलं की ते वर जात नाही, गिरकी आणखी घट्ट होते. हीच ती जीवघेणी सर्पिल घसरण, जिच्यात वैमानिकाला शेवटपर्यंत वाटत राहतं की मी पंख सरळ धरलेत.

अठराशे फुटांवर मी सिम्युलेटर थांबवलं. खाली जमीनच हजार फूट उंचीवर. होरायझन कलायला लागल्यापासून अडीच मिनिटं झाली होती. पंप किती हवा ओढतोय ते दाखवणाऱ्या सक्शन गेजचा काटा, जो साडेचार ते साडेपाच इंचांच्या मध्ये असायला हवा, सगळा वेळ शून्यावर पडून होता.

मी विचारलं, टर्न कोऑर्डिनेटर बघितला होतास का?

"बघितला सर."

मग?

"मला वाटलं तो बिघडला."

आणि एअरस्पीड? आणि अल्टिमीटर?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते सगळे वारा वाटून राहिले होते. मी नजर हलवली नाही सर. मी तर विश्वास ठेवला होता."

तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं की जे नीट केलं त्याचाच हा शेवट कसा. एरवी विद्यार्थी चुकतो तेव्हा त्याने काहीतरी बघितलेलं नसतं. हिने सगळं बघितलं होतं. चार डायल एक सांगत होते, एक डायल दुसरं, आणि तिने एकासाठी चौघांना खोटं ठरवलं.

मी काय शिकवलं होतं

त्या रात्री मी हे एका सहकाऱ्याला सांगितलं. त्यांचं मत स्पष्ट होतं: धर्म कॉकपिटच्या बाहेर ठेवायला सांग. अनुभवी माणूस, आणि हेतू चांगला. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. चूक पेत्राच्या गोष्टीत नव्हती. शरीराच्या लाटांकडे दुर्लक्ष कर, हा त्या गोष्टीचा अर्थ बरोबरच होता, आणि त्यावर तिने दहा तास उत्तम उडवलं होतं. चूक होती ती येशूच्या जागी एक डायल बसवण्यात, आणि तो मी बसवला होता. 'होरायझनवर विश्वास ठेव, बाकी काही ऐकू नको' हे वाक्य मी कित्येक वर्षं म्हणत आलोय. इतर मुलं ते अर्धवट ऐकतात, म्हणून वाचतात. ही पोर ऐकलेलं पूर्ण पाळणारी होती.

शिवाय, तिला धर्म बाहेर ठेव म्हटलं असतं तर ती तो ठेवू शकलीच नसती. घाबरल्यावर माणूस ज्या भाषेत स्वतःशी बोलतो, ती भाषा इन्स्ट्रक्टरच्या सांगण्यावरून बदलत नाही. दुरुस्ती करायची तर त्याच भाषेत करायला हवी होती, आणि मला ती भाषा येत नव्हती.

कोण कोणाच्या घरचं

दुसऱ्या दिवशी उड्डाण ठेवलं नाही. फळ्यावर फक्त नळ्यांचं चित्र काढलं.

होरायझन आणि दिशा दाखवणारा हेडिंग इंडिकेटर, ज्याला आम्ही डीजी म्हणतो, हे दोघे व्हॅक्यूम पंपावर. टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. एअरस्पीड, अल्टिमीटर आणि चढ-उतार दाखवणारा व्हीएसआय, हे तिघे बाहेरच्या हवेच्या दाबावर. त्यातही एअरस्पीडला पंखाखालच्या पिटो नळीतून येणारी समोरची हवा लागते, आणि तिघांनाही स्टॅटिक छिद्रातली स्थिर हवा. वर काचेजवळचा साधा होकायंत्र कोणाच्याच भरवशावर नाही.

मी म्हटलं, ही तीन घरं समज. एका घरातले एकाच विहिरीचं पाणी पितात. विहीर बिघडली की घरातले सगळे बिघडतात. होरायझन आणि डीजी एकमेकांशी सहमत झाले तर ती किती जणांची साक्ष?

"एकाची," ती म्हणाली. मग फळ्याकडे बघत राहिली आणि सावकाश म्हणाली, "सर, हे तर शास्त्रात आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात. एकट्याच्या साक्षीवरून कोणाला दोषी ठरवायचं नाही. दोघां-तिघांच्या साक्षीनेच गोष्ट शाबीत होते. येशूही तेच म्हणतो, पौलही म्हणतो."

मला हे माहीत नव्हतं. मी त्यावर काही न बोलता खडू तिच्या हातात दिला.

पुढचा तास तिने शिकवला, म्हटलं तरी चालेल. प्रत्येक बिघाड ती साक्षीदारांच्या तपासणीसारखा मांडत गेली. पिटो नळी बुजली तर कोण खोटं बोलेल? फक्त एअरस्पीड. (आमच्याकडे हे खरंच होतं. पावसाळ्यात नळीवर कव्हर घालायला विसरलात तर कुंभारीण माशी मातीचं घर करून जाते.) स्टॅटिक बुजलं तर? अल्टिमीटर गोठेल, व्हीएसआय शून्यावर बसेल, आणि एअरस्पीड चढताना कमी, उतरताना जास्त दाखवेल. तिघे मिळून खोटं बोलतील, आणि एकाच घरचे असल्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटेल. पंप गेला तर होरायझन आणि डीजी, पण त्यांच्याविरुद्ध टर्न कोऑर्डिनेटर उभा राहील आणि होकायंत्र फिरायला लागेल.

कालच्या प्रसंगाशी आली तेव्हा ती थांबली. म्हणाली, चार साक्षीदार होते, दोन वेगवेगळ्या घरचे. आणि मी ऐकलं एकाचं, तो मोठा होता म्हणून.

यंत्रांवर नजर फिरवण्याला आम्ही स्कॅन म्हणतो. पुस्तकात स्कॅन वेगाची बाब म्हणून शिकवतात: होरायझन, अल्टिमीटर, होरायझन, डीजी, होरायझन, एअरस्पीड. चाकाच्या आऱ्यांसारखं, प्रत्येक वेळी मध्यावर परत. ते बरोबरच आहे. पण डायल वेगवेगळ्या घरचे असतील तरच तपासणी होते, हे त्यात आपोआप येत नाही. आपण मध्यावर परत येतो ते तिथे खात्री आहे म्हणून नव्हे. तिथे सगळ्यात जास्त माहिती आहे, आणि ती माहिती ताडून बघायची आहे, म्हणून.

वडिलांची रीत

एक प्रश्न उरला होता. समजणं वेगळं आणि ढगात तीन मिनिटांच्या आत आठवणं वेगळं. नजर एका जागी चिकटते तेव्हा आपली नजर चिकटलीय हेच कळत नाही.

यावरचा उपाय तिच्या घरून आला. वडिलांना तिने सगळं सांगितलं होतं. ते एकदा तिला घ्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "सर, आमच्या केबिनमध्ये कोणी मनात सिग्नल बघत नाही. असिस्टंट ओरडतो, मी ओरडतो. डिस्टंट, डबल यलो. दोघांनी म्हटलं तर तो सिग्नल. धुक्यात तर जास्तच."

मग तिने बोलून स्कॅन करायला सुरुवात केली. होरायझन डावीकडे कलला की हात हलवण्याआधी मोठ्याने: "होरायझन डावा. टर्न?" टर्न कोऑर्डिनेटरही डावा असेल तरच दुरुस्ती. नसेल तर नजर सक्शन गेजवर. सुरुवातीला याने ती मंदावली. उंची शंभर-दीडशे फूट सरकायला लागली, आणि एटीसीचं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाचं, बोलणं मध्ये आलं की साखळी तुटायची. एका सॉर्टीत रागावून हूड काढून मांडीवर ठेवलं. आधीची ती गुळगुळीत, निश्चिंत उडणारी मुलगी मलाही आठवत होती. तीन आठवडे तिचं उड्डाण आधीपेक्षा वाईट दिसत होतं, आणि कागदावरचे तास तेवढेच महाग होते. हे मुद्दाम लिहितो, कारण असल्या वेळी पालक आणि शिकवणारे दोघेही घाबरतात आणि जुन्या पद्धतीवर परत जातात. तिच्या वडिलांनी एकदाही विचारलं नाही की किती दिवस.

चौथ्या आठवड्यात शब्द गळायला लागले. आधी पूर्ण वाक्य, मग "टर्न?", मग नुसता ओठ हलायचा. मी विमानात होरायझनवर रबरी झाकण चिकटवून पार्शल पॅनेल करून घेतलं, म्हणजे उरलेल्या डायलांवर उडणं. पण झाकलेला डायल उघड गैरहजर असतो. खरी परीक्षा खोट्या साक्षीदाराची, आणि ती सिम्युलेटरवरच होऊ शकत होती.

सप्टेंबरमध्ये, होल्डिंग पॅटर्नच्या, म्हणजे एकाच जागी लंबगोल घिरट्या घालत थांबण्याच्या, मध्यात, एका मिनिटाची सरळ बाजू मोजत असताना, मी पुन्हा पंप बंद केला. होरायझन उजवीकडे कलला. तिचा हात हलला, थोडासा डावीकडे, आणि थांबला.

"होरायझन उजवा. टर्न नाही म्हणतोय."

दोन सेकंद गेले.

"सक्शन शून्य. दोघं बाद."

खिशातून तिने चिकट कागद काढले, होरायझन आणि डीजी दोन्ही झाकले, आणि रेडिओवर एटीसीला बिघाड कळवला. उंची सत्तर फूट गेली होती.

आजची स्थिती

४० पैकी ३७ तास झालेत. होल्डिंगमध्ये शिरण्याचे तीन प्रकार आहेत. त्यांतला समांतर प्रवेश तिला अजून घोळवतो, वारा आडवा असला की वेळेचं गणित चुकतं. धावपट्टी ३२ च्या आयएलएसवर, म्हणजे उतरताना रेडिओ लहरींनी मार्ग दाखवणाऱ्या यंत्रणेवर, तीन अंशांच्या उतारावरून येताना ती आता बरी असते, पण शेवटच्या दोनशे फुटांजवळ सुया जास्त संवेदनशील होतात तेव्हा घाईने दुरुस्त्या करते. चेक, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, देण्याआधी यावर काम बाकी आहे.

याच सोनेगावला १९४९ पासून रोज मध्यरात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं येत, पोती अदलाबदल करून परत जात. अंधारात, पावसाळ्यातसुद्धा. त्या वैमानिकांच्या समोर होते ते भोवरे, नळ्या आणि होकायंत्र आज आमच्या सेसनात आहेत त्याच जातीचे होते. मी आता नव्या तुकडीला पहिल्या दिवशी डायलची नावं शिकवत नाही. आधी तीन घरं काढायला लावतो.

युवक सभेत तिने दुसऱ्यांदा साक्ष दिली, असं तिच्या आईकडून कळलं. पहिली साक्ष दुरुस्त करण्यासाठी. आजीला ती आधी आवडली नाही. पेत्राला कमी लेखल्यासारखं तिला वाटलं. मग दोघींनी बसून तो अध्याय पुन्हा वाचला, आणि पेत्राने पाण्यावर पाय टाकण्याआधी काय म्हटलं होतं ते त्यांना सापडलं: प्रभुजी, आपण असाल तर मला येण्याची आज्ञा करा. म्हणजे त्यानेही आधी विचारून खात्री केली होती. हे मला तिने सांगितलं तेव्हा आम्ही टॅक्सी वेवर होतो आणि पुढे एक एअरबस थांबली होती.

काल सकाळच्या सॉर्टीत हूडखाली, बुटीबोरीच्या वर कुठेतरी, तिने स्वतःहून पंख सरळ केले, वर होकायंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "डीजी बारा अंश सरकलाय सर, जुळवून घेते."